मागच्या दाराचे कुलूप

तपकिरी कागदाच्या त्या पिशवीत एकूण आठ वस्तू होत्या. एक कुलूप. एक किल्ली. दाराच्या चौकटीतून उखडून आलेला एक लोखंडी कोयंडा. त्याच कोयंड्याचे चार स्क्रू, त्यांतले दोन सरळ आणि दोन वाकलेले. आणि जळक्या लाकडाची बोटभर लांबीची एक ढलपी. पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधलेली होती, सुतळीवर लाखेचे तीन ठिपके होते, आणि बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलेले होते : मुद्देमाल क्रमांक सात.

मित्रांनो, त्या आठांतली पहिली वस्तू म्हणजे मी. मी एक जुने कुलूप आहे. उरलेल्या सात वस्तू माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, त्यामुळे त्यांना काय आठवते ते मला सांगता येणार नाही. मला मात्र सगळे आठवते. आठवण्यावाचून दुसरे काम आता मला उरलेले नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या लांबट खोलीत झाला. माझा कारागीर साठी ओलांडलेला होता. त्याला सगळे आजोबा म्हणत. आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून तयार झालेले प्रत्येक कुलूप ते उजव्या कानाशी धरून किल्ली फिरवत. माझ्या पोटात सहा पितळी पट्ट्या आहेत. किल्ली फिरली की त्या एकामागून एक उचलल्या जातात. आजोबा डोळे मिटून सहाही आवाज मोजत, आणि एखादा जरी कमी आला तरी कुलूप पुन्हा खोलत.

“बंद काय, दगडही असतो,” ते चहा घेऊन आलेल्या आजीला सांगत. “उघडतं ते कुलूप.”

“तुमचं आपलं काहीतरी. चहा निवतोय,” आजी म्हणे.

माझी रचना तुम्हांला नीट समजली पाहिजे, कारण पुढे सगळे तिच्यावरच येणार आहे. माझ्या डोक्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वाकवलेली लोखंडी दांडी आहे. तिचा एक पाय लांब आहे. तो कायम माझ्या पोटातच असतो. दुसरा पाय आखूड आहे. मी उघडा असलो की त्या आखूड पायाचे टोक मोकळ्या हवेत असते. मी बंद झालो की ते टोक माझ्या डोक्यावरच्या एका भोकात शिरते आणि तिथे अडकून बसते. ते भोक आजोबांनी चौदा मिलिमीटर खोल पाडले. त्यांच्या ड्रिलच्या पात्यावर लाल रंगाची एक खूण होती. ती धातूला टेकली की ते हात थांबवत. किती वर्षे त्यांची तीच खूण होती. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या भावंडांचे माप तेच.

लोखंडी सामानाच्या दुकानात मी दोन महिने टांगलेला होतो. मग एका छत्री कारखान्याच्या मालकाने मला विकत घेतले आणि कारखान्याच्या मागच्या दाराला लावले.

त्या कारखान्यात दोन जागा होत्या. पुढे मोठे दालन. तिथे शिवणयंत्रे, तारा वाकवायचे साचे, चिकटवायचे टेबल. मागे एक लहान खोली. खोलीला दोन दारे होती, एक दालनात उघडणारे आणि दुसरे मागच्या बोळात. बोळातल्या दाराच्या बाहेरच्या अंगाला मी. या मागच्या खोलीत एकच बाई काम करायची. कापडाच्या कापलेल्या तुकड्यांना तिथे पाकळ्या म्हणत, आणि आठ पाकळ्यांची एक छत्री होते. ही बाई दिवसभर पाकळ्यांचे आठ-आठांचे गठ्ठे करायची. तिला सगळे मोजणीबाई म्हणत. आठ झाले की ती गठ्ठ्यावर हलकेच थाप मारून किंचित थांबायची आणि पुढचे आठ सुरू करायची. ती बोलतानासुद्धा बोटे आठापर्यंत वाजवायची आणि थांबायची. चिकटवणाऱ्या बायका तिची चेष्टा करत.

“बाई, जेवताना घासही आठच खाता का हो?”

“सोळा,” ती म्हणायची. “उपाशी राहायला मी काय तुमची सासू आहे?”

ती सर्वांत आधी कारखान्यात यायची. कारखान्याला बाहेरून वळसा घालून ती बोळात यायची, मला उघडायची आणि कोयंड्यात उघडाच अडकवून ठेवायची. संध्याकाळी जाताना दाबून बंद करायची. महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणून माझ्या भोकात दोन थेंब सोडायची. “पी बाबा,” म्हणायची. “रात्रभर जागायचं तुलाच.” मी माझ्या आयुष्यात इतका कोणाच्या हाती सुखी नव्हतो. चार वर्षे मी रात्री बंद आणि दिवसा उघडा राहिलो. कुलपाने असेच असावे.

मग तयार छत्र्या कमी भरू लागल्या. दर आठवड्याला तीन, कधी पाच. मालकाने मोजणीबाईला बोळात बोलावले. तो माझ्यावर हात ठेवूनच बोलत होता.

“उद्यापासून जेवणाची सुट्टी झाली की हे दार बाहेरून बंद. किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी मी येऊन काढीन.”

“आत माणूस असताना बाहेरून कुलूप, मालक? काही झालं तर?”

“काय होणार आहे? छत्र्या आहेत बाई, दारूगोळा नाही.”

“तरीपण...”

“मग छत्र्या जातात कुठं? त्यांना काय पाय फुटतात?”

“माझ्या खोलीतून पाकळ्या जातात, मालक. छत्र्या पुढं होतात आणि पुढंच कमी भरतात.”

उत्तर न सुचलेली माणसे बहुधा कुलूप लावतात. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी दीड वाजता तो बोळात येऊ लागला. मोजणीबाई आत असायची. तो मला दाबायचा, एकदा खाली ओढून बघायचा आणि जायचा. असे सात महिने चालले. पहिल्या महिन्यात मला वाईट वाटायचे. नंतर सवय झाली. ही सवय मला अजून टोचते, मित्रांनो.

त्या दिवशी दीड वाजून पाच मिनिटांनी मालकाने मला दाबले. टोक भोकात शिरले, चौदा मिलिमीटर, तळाला टेकले. तो गेला.

पुढच्या दालनात चिकटवायच्या टेबलावर रबराच्या द्रावणाचा डबा होता आणि जवळच इस्त्री होती. दोन्हींमध्ये किती अंतर होते ते पुढे कोणालाच सांगता आले नाही, कारण तिथले काहीच उरले नाही. दालनात पंधरा माणसे होती. पंधराही जण पुढच्या दाराने बाहेर पडले. आग त्यांच्या आणि मागच्या खोलीच्या मधे होती.

मला आधी धूर लागला. तो दारावरच्या जाळीतून बाहेर आला आणि खाली वाकला. मग दारावर थाप पडली. माझ्यात आणि तिच्यात एका फळीचे अंतर होते, पस्तीस मिलिमीटर जाडीच्या. पहिल्या आठ थापा मी मोजल्या. मग ती थांबली आणि तिने हाक मारली, “अहो, कुणी आहे का बाहेर? कुलूप काढा!” बोळात कोणी नव्हते. पुन्हा आठ थापा. पुन्हा थांबली, पण या वेळी हाक आली नाही, फक्त खोकला आला. मग पुन्हा थापा सुरू झाल्या. एक. दोन. तीन.

चौथ्या थापेची मी वाट पाहिली. अजून पाहतो.

त्यानंतर जाळीतून ज्वाळा बाहेर आल्या आणि मी तापलो. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. तापलेल्या धातूला वेळ कळत नाही. अग्निशामक दलाचा एक जवान धुरातून आला, त्याने दार ओढले, ते हलले नाही, तेव्हा त्याने चौकटीवर कुऱ्हाड घातली. कोयंडा उखडला आणि त्याच्यासकट मी दाराबाहेर राखेत पडलो. जवान माझ्यावरून आत गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर ती होती, आणि तिची बोटे हलत नव्हती.

पावणेपाचच्या सुमारास सगळे पुढच्या बाजूला जमले होते. तेव्हा मालक एकटाच बोळात आला. मी अजून गरम होतो. त्याने ओल्या पोत्याच्या तुकड्यात मला धरले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्यात घातली.

“उघड रे बाबा,” तो पुटपुटला.

बाबा ही हाक मला एकाच माणसाकडून माहीत होती. मी अडलो. किल्ली अर्धी फिरली आणि थांबली. त्याने जोर लावला, आणि सहाही पट्ट्या उचलल्या गेल्या. मी उघडलो. मित्रांनो, मला एवढेच शिकवलेले आहे. दुपारी दाबले तेव्हा बंद झालो, संध्याकाळी फिरवले तेव्हा उघडलो. दोन्ही वेळा सांगितले तसे केले. त्याने मला कोयंड्यातून काढले, किल्ली माझ्यातच राहू दिली आणि उंबऱ्याजवळ ठेवून तो गेला. वीस मिनिटांनी पोलीस आले. त्यांनी खडूने माझ्याभोवती गोल काढला, फोटो घेतला आणि कागदावर लिहिले : कुलूप उघड्या स्थितीत, किल्ली आत.

आणि मग मी पिशवीत गेलो.

न्यायालयाच्या तळमजल्यावर एक लांब खोली आहे. खटल्यात दाखवायच्या वस्तू तिथे ठेवतात. त्यांना मुद्देमाल म्हणतात. माझ्या फळीवर एका पायाचा बूट, सायकलची साखळी आणि काच फुटलेले एक घड्याळ होते. खोलीचा कारकून पन्नाशीचा, अत्यंत टापटिपीचा. त्याला सगळे कारकूनकाका म्हणत. एका खांद्यावर त्याचे कायम फडके असायचे. तो आम्हांला नावाने नव्हे, क्रमांकाने हाक मारायचा, पण प्रेमाने. “काय सात नंबर? करमतंय ना? या बुटाला विचार, अकरा वर्षं झाली. दुसरा पाय सापडेना आणि हा सुटेना.”

बाकी सगळे ठीक होते. फक्त कागदांवर शिक्के मारायची वेळ झाली की मला सहन होत नसे. कारकूनकाकांची शाई आठ शिक्क्यांनंतर फिकी पडायची. आठ ठोके, थांबून शाईत दाबणे, पुन्हा आठ ठोके. तिसऱ्या फेरीत तिसऱ्या ठोक्यानंतर एखाद्या दिवशी फोन वाजला आणि ते थांबले, तर ती दुपार माझ्यासाठी संपत नसे.

वर्षभराने मला वर, न्यायालयाच्या दालनात नेले. लाख फोडली, पिशवी उघडली आणि आम्हां आठ वस्तूंना टेबलावर ओळीने मांडले. मालक आरोपीच्या कठड्यात उभा होता. त्याचे म्हणणे सरळ होते. ते कुलूप दिवसा उघडेच असते. किल्लीही त्यातच असते. त्या दिवशी ते कोयंड्यात नुसते अडकवलेले होते. आतून जोरात ढकलले असते तर दोन ढकलण्यांत खाली पडले असते.

“बाई घाबरल्या, मॅडम,” मालकाचा वकील न्यायाधीशबाईंना म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. “धुरात माणसाला दिशा कळत नाही. त्यांनी दार ढकललंच नसेल. हा अपघात आहे. माझ्या अशिलालाही त्याचं दुःख आहे.”

चिकटवणाऱ्या बायकांनी साक्ष दिली की दुपारी कुलूप रोज बंद असायचे.

“त्या दिवशी तुम्ही बोळात जाऊन पाहिलंत?” वकिलाने प्रत्येकीला विचारले.

“नाही साहेब. पण रोज...”

“त्या दिवशी?”

“नाही.”

जवानाला विचारले. तो म्हणाला, “दार हललं नाही म्हणून कुऱ्हाड घातली. फुगलं होतं की कुलूप होतं, धुरात कोण बघतं?”

मागच्या बाकावर एक पंचविशीची मुलगी बसलेली होती. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासते, असे सरकारी वकिलांनी तिची ओळख देताना सांगितले. मी तिला त्याआधीच ओळखले होते. तिच्या उजव्या हाताची बोटे बाकाच्या कडेवर वाजत होती. आठ वेळा, मग थांबून पुन्हा आठ वेळा. ती मोजणीबाईची मुलगी होती.

तिला विचारले तेव्हा ती फार थोडे बोलली. “माझी आई घाबरली असेल. माणूस होती, घाबरणारच. पण दार ढकलायचं विसरली, असं कुणी म्हणू नका. ती गॅस बंद केलाय का तेही तीनदा बघायची. मला बाकी काही नको. ते दार उघडं होतं की बंद, एवढं एक मला कुणीतरी खरं सांगा.”

“कुलूप तर समोर आहे,” मालकाचा वकील हसून म्हणाला. “उघडंच सापडलंय. आता ते स्वतः साक्ष देणार असेल तर माझी हरकत नाही.”

दालनात दोघे-तिघे हसले. मी समोरच होतो, मित्रांनो. मी काय सांगितले नसते?

त्या दिवशी टेबलावर आणखी एक गोष्ट झाली. माझ्यावर काजळीचा थर होता. तो न्यायाधीशबाईंच्या कागदांना लागला आणि पांढऱ्या कागदावर काळा अर्धगोल उमटला. शिपाई कारकूनकाकांवर करवादला, “काय हो, जरा स्वच्छता बघत जा. मॅडमच्या कागदांची पार वाट लावली तुमच्या कुलपानं.”

कारकूनकाकांना हे फार लागले. बावीस वर्षांत त्यांच्या खोलीतल्या वस्तूची तक्रार आली नव्हती. खाली आल्यावर त्यांनी पिशवीला नुसती सुतळी बांधली. नवी लाख पुढच्या आठवड्यात मिळणार होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाहेर काढले, वर्तमानपत्रावर ठेवले, फडके रॉकेलमध्ये बुडवले आणि मला पुसायला घेतले. आधी पोट, मग पाठ, मग दांडी, दोन्ही पाय. सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. माझी आई असती तर तिनेही मला इतके मायेने पुसले नसते.

“हं,” ते म्हणाले. “आता कसं माणसांत आल्यासारखं दिसतंस.”

माझ्या अंगावरची काजळी फडक्यावर गेली आणि फडके बादलीत गेले. बोलता येत नसल्याचे दुःख मला त्या बोळात झाले होते. दुसऱ्यांदा ते या खोलीत झाले.

पुढच्या तारखेला पिशवी उघडली तेव्हा सरकारी वकील माझ्याकडे बघतच राहिले. मालकाचा वकील मात्र ताबडतोब उभा राहिला. “मॅडम, ही वस्तू पुसलेली आहे. आता तिच्यावरून काहीही सिद्ध होऊ शकत नाही. मुद्देमाल म्हणून तिचा विचारच करू नये.”

कारकूनकाकांना साक्षीसाठी उभे केले.

“तुम्ही पुसलंत?”

“होय, मॅडम.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. डाग पडला होता. मला वाटलं, आपल्याकडून न्यायालयात घाण जायला नको.”

मागच्या बाकावर मोजणीबाईच्या मुलीची बोटे थांबली. आठवर नव्हे, पाचावरच. तिने कारकूनकाकांकडे बघितले नाही. ती माझ्याकडे बघत होती.

न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “काय उरलंय आणि काय गेलंय, हे वकील ठरवणार नाहीत आणि मीही नाही. प्रयोगशाळेला विचारू.” आणि मला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवले.

मला घेऊन कारकूनकाका स्वतः गेले. प्रयोगशाळेतली तपासनीस त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने आधी पिशवीतल्या वस्तू मोजल्या, आठ, आणि वहीत लिहिल्या. मग विचारले, “काका, पुसायला काय वापरलंत?”

“रॉकेल. आणि जुन्या बनियनचं फडकं.”

“घासलंत की नुसतं पुसलंत?”

“पुसलं, ताई. घासायला कुणी सांगितलं नव्हतं. तसं पुसायलाही नव्हतं सांगितलं.”

“पॉलिश कागद? तारेचा घासणा? वाळू?”

“नाही हो.”

“आठवून सांगा.”

“माझ्या आईची शपथ, नाही. ताई, मी त्या पोरीचं वाटोळं केलं का?”

तिने मला भिंगाखाली धरले आणि दांडीचे आखूड टोक प्रकाशाकडे फिरवले. ती इतका वेळ पाहत होती की कारकूनकाका खुर्चीवर बसले.

“काजळी बाहेरून येऊन बसते,” ती शेवटी म्हणाली. “ती तुम्ही पुसलीत, ती गेली. पण लोखंड हवेत तापलं की त्याचा वरचा थरच बदलतो. आधी पिवळट, मग निळा, मग राखाडी. त्याला ताव म्हणतात. तो धातूचाच झालेला असतो. रॉकेलनं जात नाही. तो यायला उष्णता लागते आणि हवाही लागते. आता मला सांगा, कुलूप बंद असताना हे टोक कुठं असतं?”

“भोकात.”

“आणि भोकात हवा?”

कारकूनकाकांनी माझ्याकडे पाहिले. “जाईल कुठनं? तिथं तर तेल. पुसताना फडक्याला लागलं होतं.”

“म्हणजे बंद होतं तर टोकाचा तेवढा भाग बिनतावाचा राहील. उघडं होतं तर ताव पार टोकापर्यंत जाईल. तुमचं फडकं त्यात काही करू शकत नाही. पण हे मी नुसतं म्हणून चालणार नाही. करून बघावं लागेल.”

तिने आजोबांच्याच कारखान्यातली दोन नवी कुलपे मागवली. माझे भाऊ. चौदा मिलिमीटरचे भोक, तीच सहा पट्ट्यांची चाल. दोघांच्या भोकांत तिने दोन-दोन थेंब तेल सोडले. एकाला उघडे ठेवले, एकाला बंद केले, आणि दोघांनाही भट्टीत ठेवले. चारशे अंश, वीस मिनिटे. मी शेजारच्या टेबलावर होतो. भट्टीचे दार लोखंडी होते. त्यामागून थाप येईल म्हणून मी कान देऊन बसलो होतो. आली नाही. कुलपे थाप मारत नाहीत.

मित्रांनो, आता मी पुन्हा त्या लांब खोलीत, बुटाच्या शेजारी आहे. पिशवीवर लाखेचे पाच ठिपके आहेत, आणि कारकूनकाका आम्हांला हात लावण्याआधी हातमोजे घालतात. त्यांच्या खांद्यावर फडके नाही. तुम्ही लहान आहात, पण तुमच्या हातांतही कुलपे येतील. तेव्हा एवढे करा. कोणतेही दार बाहेरून बंद करण्याआधी आत कोण आहे ते बघा, आणि ज्यांनी आत असायला नको त्यांना बाहेर येऊ द्या. आणि एखादी वस्तू मळलेली दिसली तर पुसण्याआधी तिच्याकडे एकदा नीट पाहा. मळ हेच कधीकधी तिचे एकुलते एक बोलणे असते. मला दोन थेंब तेल देणारी बाई परत येणार नाही. तिच्याविषयी खरे काय ते निदान मोजले जावे, एवढीच माझी इच्छा होती.

शेवटच्या तारखेला तपासनीस साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. टेबलावर आम्ही तीन कुलपे होतो. न्यायाधीशबाईंनी आपले कागद स्वतः उचलून बाजूला ठेवले होते. कारकूनकाका दाराशी उभे होते. मालक कठड्यात होता. मागच्या बाकावर मोजणीबाईची मुलगी होती आणि तिची बोटे बाकाच्या कडेवर वाजत होती.

“टोकावरचा बिनतावाचा भाग तुम्ही कसा मोजलात?” न्यायाधीशबाईंनी विचारले.

“भिंगाखाली, मापकाने. प्रत्येक कुलूप तीनदा.”

“वाचा.”

मुलीची बोटे सहाव्या ठोक्यावर होती. तिने सातवा आणि आठवा वाजवला आणि हात स्थिर ठेवला.

तपासनिसाने कागद उघडला.

“भट्टीत उघडं ठेवलेलं कुलूप, शून्य मिलिमीटर. भट्टीत बंद ठेवलेलं कुलूप, चौदा मिलिमीटर. मुद्देमाल क्रमांक सात, चौदा मिलिमीटर.”